विंडोजचे हिवाळी अधिवेशन

विंडोजसाठी लिहिलेले ध्वनिमुद्रणाचे सॉफ्टवेअर लिनक्स या संगणकप्रणालीवर चालवणे, आणि त्याच वेळी यूएसबीच्या वायरने बाहेरून जोडलेले ध्वनियंत्रही त्या सॉफ्टवेअरला ओळखायला लावणे, या दुहेरी उद्योगाचे मर्म समजून घेण्यासाठी नागपूरइतके सोयीचे शहर दुसरे नाही. कारण एका जागेसाठी बेतलेली यंत्रणा उचलून दुसऱ्या जागी आणायची आणि ती जणू तिथलीच आहे असे सर्वांनी मिळून काही दिवस मानायचे, हा प्रयोग या शहराच्या अंगवळणी पडला आहे. सरकारने ठरावीक काळासाठी नागपुरात मुक्काम हलवावा आणि विधिमंडळाचे निदान एक अधिवेशन दर वर्षी तिथे भरवावे, असे २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर कराराने ठरले, आणि महाराष्ट्र राज्य झाल्यापासून, काही अपवाद वगळता, हिवाळा आला की मुंबईचे मंत्रालय फायलींच्या गठ्ठ्यांसह सिव्हिल लाइन्समध्ये उतरते. मुख्यमंत्री ‘रामगिरी’वर, मंत्री रविभवनात आणि आमदार आमदार निवासात मुक्कामाला येतात, दारांवर नावाच्या पाट्या लागतात, आणि ऐन संत्र्यांच्या मोसमात आपण मुंबईतच आहोत असा भास सर्वांना होऊ लागतो. संगणकाच्या क्षेत्रात हाच भास निर्माण करणाऱ्या सॉफ्टवेअरला ‘वाइन’ म्हणतात.

हे नाव विदर्भात जरा जपून उच्चारावे लागते. नागपूरच्या शेजारचा वर्धा जिल्हा दारूबंदीचा आहे, आणि गडचिरोलीत ज्या १९९३ साली दारूबंदी झाली त्याच साली वाइनचा हा प्रकल्प जगात सुरू झाला, यामागे काही कटकारस्थान नसावे, इतकेच म्हणता येते. नावाचा विस्तार ‘वाइन इज नॉट ॲन एम्युलेटर’ असा, म्हणजे वस्तू काय आहे यापेक्षा काय नाही हे सांगणारा आहे. एम्युलेटर म्हणजे एका यंत्राचे हुबेहूब सोंग वठवणारी आज्ञावली. वाइन सोंग वठवत नाही, ते दुभाष्याचे काम करते. विंडोजचे सॉफ्टवेअर आपल्या भाषेत ‘फाइल उघड’, ‘चौकट काढ’, ‘आवाज वाजव’ असे हुकूम सोडते, वाइन ते लिनक्सच्या भाषेत उतरवून पुढे पाठवते आणि आलेले उत्तर विंडोजच्या भाषेत परत आणते. त्याशिवाय वापरकर्त्याच्या घरच्या फोल्डरात, नावाच्या आधी टिंब असलेला आणि म्हणून सहसा न दिसणारा एक फोल्डर तयार होतो, त्यात ‘ड्राइव्ह सी’, त्यात ‘प्रोग्राम फाइल्स’, ‘विंडोज’ आणि त्याच्या आत ‘सिस्टम ३२’ अशी दालने मांडलेली असतात. हीच त्या सॉफ्टवेअरची रामगिरी होय. सॉफ्टवेअर जागे होते, आजूबाजूला पाहते, सी ड्राइव्ह जागच्या जागी आहे अशी खात्री करून घेते आणि आपण कोणाच्या शहरात आहोत याची चौकशी न करता कामाला लागते. वाइनची १.० ही आवृत्ती जून २००८ मध्ये, म्हणजे सुरुवातीनंतर १५ वर्षांनी बाहेर पडली; अनुशेष या शब्दावर वाढलेल्या वैदर्भीय वाचकास हा काळ फार वाटणार नाही.

अधिवेशनाशी असलेले साम्य इथेच संपत नाही. वाइनमधून सॉफ्टवेअर सुरू करताना ज्याने टर्मिनल, म्हणजे लेखी आज्ञा देण्याची काळी चौकट, उघडी ठेवली असेल त्याला तिच्यात ‘फिक्समी’ या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळींची रांगच्या रांग येताना दिसते. ‘मला दुरुस्त करा’ असा त्याचा शब्दशः अर्थ असून, अमुक सोय अर्धीच लिहून झाली आहे ही वाइनच्या कारागिरांनी स्वतःसाठी लिहून ठेवलेली आठवण असते. नवखा वापरकर्ता त्या शेकडो ओळी पाहून हादरतो. मुरलेल्याला ठाऊक असते की हे अधिवेशनावर आलेले मोर्चे आहेत, ते मॉरिस कॉलेज टी पॉइंटवर अडवले जातील, निवेदन स्वीकारले जाईल आणि आत कामकाज सुरळीत चालू राहील. पुष्कळदा ते खरोखरच सुरळीत चालते.

नागपूरकर या वाटेला वळतो तो बहुधा हौसेने नव्हे. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी काढून घेतला, विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय हवी असते, आणि ज्याची हार्ड डिस्क, रॅम व बिजागरी अशा तिन्ही वस्तू एकेकदा बदलून झाल्या आहेत असा लॅपटॉप केवळ एवढ्यासाठी मोडीत काढणे हे बर्डीच्या बाजारात चपलेचा भाव तीनदा पाडून घेणाऱ्या माणसाच्या तत्त्वात बसत नाही. तेव्हा तो लिनक्स घालतो, जिचा गाभा हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये विद्यार्थिदशेत लिहायला घेतला आणि जी फुकट मिळते. परंतु दहा वर्षांची भजने, मुलीच्या अरंगेत्रमचे ध्वनिमुद्रण आणि तबल्या-तंबोऱ्याचे संच ज्या सॉफ्टवेअरात अडकलेले असतात ते विंडोजचे असते. लिनक्स घरात येते, पण फडताळ विंडोजचेच राहते. ‘आर्डर’सारखी मूळची लिनक्सवरचीच ध्वनिमुद्रणाची सॉफ्टवेअरे उपलब्ध आहेत, ‘रीपर’नेही लिनक्ससाठी वेगळी आवृत्ती काढली आहे, तेव्हा ती वापरून हा सगळा व्याप टाळता येईल, असा सल्ला देणारा शहाणा मनुष्य प्रत्येक मित्रमंडळात एक तरी असतो, आणि त्याचे ऐकले जात नाही.

आता बाहेरच्या यंत्राकडे वळले पाहिजे. त्याचे शास्त्रीय नाव ऑडिओ इंटरफेस, बोलीतले नाव साउंड कार्ड, आणि आकार साधारण मिठाईच्या अर्ध्या किलोच्या डब्याएवढा असतो. पुढच्या बाजूस माइकची तीन दांड्यांची पिन बसेल अशी भोके, त्यांच्याशेजारी आवाज कमीजास्त करण्याच्या गोल खुंट्या, आणि ‘४८ व्ही’ असे लिहिलेले एक बटण असते, जे दाबल्यावर कंडेन्सर जातीच्या माइकला त्याच वायरीतून ४८ व्होल्टचा पुरवठा होतो. माइकमधून येणारी विजेची लहर सेकंदाला ४४,१०० किंवा ४८,००० वेळा मोजून तिचे आकडे करणे आणि परत जाताना आकड्यांची लहर करणे, एवढेच या डब्याचे काम आहे. हे आकडे यूएसबीवरून कसे वाहून न्यावेत याचे सर्वमान्य नियम ठरलेले आहेत, आणि ते पाळणाऱ्या यंत्राला लिनक्सवर वेगळे काहीही बसवावे लागत नाही. यंत्र जोडताच ते यादीत दिसते. त्या नियमांची दुसरी आवृत्ती लिनक्सला आधीपासून समजत होती, विंडोजला ती अंगभूतपणे समजू लागली ते २०१७ साली. युद्धाच्या तयारीने बसलेल्या वापरकर्त्याचा इथे मोठा विरस होतो: डबा जोडला, हिरवा दिवा लागला, टाळी वाजवली आणि टाळी मुद्रित झाली. पण ती मुद्रित झाली लिनक्समध्ये. विंडोजचे सॉफ्टवेअर रामगिरीवर बसून आहे, आणि त्याला या टाळीचा पत्ता नाही.

सारा घोळ ज्या शब्दात साठलेला आहे तो शब्द ‘ड्रायव्हर’ हा होय. यंत्राशी प्रत्यक्ष बोलणाऱ्या आज्ञावलीला ड्रायव्हर म्हणतात, आणि ती प्रणालीच्या गाभ्यात, म्हणजे कर्नेलमध्ये, बसून काम करते. वाइन हे गाभ्याच्या बाहेर वावरणारे दुभाषी असल्याने विंडोजचे सॉफ्टवेअर ते आणू शकते, पण ध्वनियंत्राचा विंडोज ड्रायव्हर आणून चालवू शकत नाही. पाहुण्याने हवी तेवढी लेटरहेडे बरोबर आणावीत, गाडी मात्र इथली आणि ती हाकणाराही इथलाच. यंत्राच्या खोक्यातील सूचनापत्रिका पहिल्याच पानावर ‘प्रथम ड्रायव्हर बसवा’ असे ठळक अक्षरांत बजावते, वापरकर्ता ती आज्ञा वाइनमध्ये इमानेइतबारे पाळतो, ड्रायव्हर बसवणारी चौकट हिरवी पट्टी शेवटपर्यंत नेऊन ‘यशस्वी’ असेही जाहीर करते, आणि त्यानंतर काहीच घडत नाही. मुंबईहून आलेल्या ड्रायव्हरला नागपूरच्या गाडीची किल्ली दिलेलीच नसते. तो बिचारा पोर्चमध्ये टोपी घालून उभा राहिलेला असतो. यंत्राच्या आतली आज्ञावली सुधारण्यासाठी कंपनीने दिलेले विंडोज सॉफ्टवेअरही याच कारणाने बहुधा पोर्चच्या पुढे जात नाही, आणि त्या एका कामासाठी वर्षातून एकदा मेहुण्याचा ऑफिसचा लॅपटॉप मागून आणण्याची पद्धत पडलेली आहे.

व्यावसायिक ध्वनिमुद्रणात आणखी एक अडचण असते. विंडोजचा स्वतःचा ध्वनिमार्ग फार वळणावळणाचा ठरल्याने हॅम्बुर्गच्या स्टाइनबर्ग कंपनीने १९९७ मध्ये ‘एएसआयओ’ नावाची आडवाट काढून दिली, जिच्यावरून सॉफ्टवेअर मधल्या कारकुनांना वगळून थेट यंत्राच्या ड्रायव्हरशी बोलते. विंडोजवरचे गंभीर सॉफ्टवेअर म्हणूनच एएसआयओ मागते, आणि लिनक्सवर तर तो ड्रायव्हरच नाही. यावर ‘वाइन-एएसआयओ’ हा तोडगा निघाला: सॉफ्टवेअरच्या बाजूने पाहिले तर तो एएसआयओचा ड्रायव्हर दिसतो, पण त्याची पाठ लिनक्सच्या ‘जॅक’ या ध्वनिसेवेला चिकटलेली असते, म्हणजे पाटी मुंबईची आणि मनुष्य नागपूरच्या महालातला. जॅक ही सेवा पॉल डेव्हिस यांनी उभी केली. कोणाचाही आवाज कोणाच्याही कानात जोडून देणे हे तिचे काम, आणि पडद्यावर ते रंगीत तारांच्या जाळ्यासारखे दिसते. सरकारी कामात जॅक लावल्याशिवाय फाइल हलत नाही हे ज्याला लहानपणापासून ठाऊक आहे त्याला या नावाचे स्पष्टीकरण द्यावे लागत नाही. मात्र इथे जॅक लावणे हा वशिला नसून अधिकृत मार्ग आहे, हे समजायला त्याला थोडा वेळ लागतो.

जॅकच्या आधी आणि नंतर लिनक्सवर ध्वनीची जी खाती निघाली त्यांचा इतिहास प्रशासनाच्या अभ्यासकास घरचा वाटेल. प्रथम १९९२ च्या सुमारास हान्नू साव्होलाइनेन यांचे ओएसएस आले. १९९८ मध्ये यारोस्लाव किसेला यांनी अल्सा सुरू केले, जे पुढे गाभ्यात शिरले आणि आजही प्रत्यक्ष यंत्राशी तेच बोलते. २००४ मध्ये लेनार्ट पोटरिंग यांचे पल्सऑडिओ अल्साच्या डोक्यावर बसले. आणि २०१७ मध्ये विम टायमन्स यांचे पाइपवायर जाहीर झाले, जे फेडोरा या लिनक्सच्या वाणात २०२१ पासून मुख्य ध्वनिसेवा म्हणून नांदते आहे. जुने खाते बंद न करता त्यावर महामंडळ नेमावे आणि महामंडळावर प्राधिकरण, असा हा क्रम आहे. पाइपवायरची खुबी अशी की जुन्यांना निवृत्त न करता ते स्वतःच त्यांच्या पाट्या लावून बसते. पल्सऑडिओला शोधत आलेल्याला ते पल्सऑडिओ म्हणून आणि जॅकला शोधत आलेल्याला जॅक म्हणून भेटते. परिणामी विंडोजचे सॉफ्टवेअर वाइनला विंडोज समजते, वाइन-एएसआयओला एएसआयओ समजते, वाइन-एएसआयओ पाइपवायरला जॅक समजते, आणि या परस्पर गैरसमजांच्या उतरंडीतून गायिकेचा षड्ज जसाच्या तसा बाहेर येतो. यात कोणाला वेदान्त दिसला तर तो त्याचा प्रश्न आहे.

जसाच्या तसा येतो, पण केव्हा येतो, हा स्वतंत्र विषय आहे. संगीतात विलंबित ही लय असते, विलंब हा दोष असतो, आणि संगणकात तो ‘बफर’मुळे उत्पन्न होतो. बफर म्हणजे आकडे एकेक न पाठवता गठ्ठ्याने पाठवण्यासाठी ठेवलेली साठवणीची जागा. सकाळच्या तर्रीपोह्याच्या ठेल्यावर याचे प्रात्यक्षिक फुकट पाहायला मिळते: पोऱ्या ट्रेमध्ये सोळा प्लेटा भरेपर्यंत थांबला तर त्याच्या खेपा कमी होतात आणि तर्री सांडत नाही, पण पहिले गिऱ्हाईक ताटकळते, एकेक प्लेट घेऊन धावला तर गिऱ्हाइकाला पोहे वाफाळते मिळतात, पण एवढ्यात कोणी आडवे आले की प्लेट रस्त्यावर. ध्वनीच्या बाबतीत अशा सांडलेल्या प्लेटेला ‘एक्सरन’ म्हणतात आणि ती कानाला ‘टक्’ अशी ऐकू येते. सेकंदाला ४८,००० मापने असताना १,०२४ मापनांचा बफर ठेवला तर एका दिशेला सुमारे २१ मिलीसेकंद जातात, जाऊन येऊन ४३ च्या आसपास, आणि हवेतील आवाज तेवढ्या वेळात चौदा-पंधरा मीटर चालतो. म्हणजे हेडफोन लावलेल्या तबलजीला आपली थाप रस्त्यापलीकडच्या गच्चीवरून यावी तशी येते, तो सावकाश वाजवू लागतो, पेटीवाला त्याची वाट पाहू लागतो आणि द्रुत बंदिश ठाय लयीत उतरते. बफर १२८ वर आणला की हाच हिशेब जाऊन येऊन साडेपाच मिलीसेकंदांच्या आत, म्हणजे दोन मीटरच्याही आत येतो, तबलजी सतरंजीवर परत येऊन बसतो. पण आता पोऱ्याला पावणेतीन मिलीसेकंदांची एकही खेप चुकवून चालत नाही.

त्याची खेप चुकू नये म्हणून त्याला रस्ता मोकळा करून द्यावा लागतो, आणि तसा तो देण्याच्या व्यवस्थेला ‘रियल टाइम’ म्हणतात, ज्यात जलदपणापेक्षा वक्तशीरपणाला मोल असते. लिनक्सच्या गाभ्यात ही व्यवस्था पुरेपूर यावी यासाठीची दुरुस्ती सुमारे वीस वर्षे बाहेर पडून होती, ती नोव्हेंबर २०२४ च्या ६.१२ या आवृत्तीत एकदाची सामील झाली. तथापि मोकळा रस्ता कोणालाही मिळत नाही. वापरकर्त्याचे नाव ‘ऑडिओ’ या गटात नोंदवावे लागते, त्या गटाला किती अग्रक्रम द्यायचा हे एका नियमावलीत लिहावे लागते, आणि एवढे केल्यावर लॉगआउट होऊन पुन्हा आत यावे लागते, कारण विधानभवनाचा पास छातीवर लावल्याखेरीज फाटकावरचा शिपाई ओळखीच्या आमदारालाही ओळखत नाही. ही शेवटची पायरी हमखास राहून जाते. रात्री अकरा वाजता सहा चौकटी उघडून, कपाळाला हात लावून बसलेल्या माणसाकडे याच सुमारास एखादा मित्र येतो, ज्याला यातले ओ की ठो कळत नाही, आणि तो उभ्याउभ्याच म्हणतो, ‘एकदा रिस्टार्ट मारून पाह्य ना बे.’ रिस्टार्ट मारले जाते, आणि सर्व काही चालू होते. मित्राला पुढे कित्येक महिने संगणकतज्ज्ञ म्हणून बोलावले जाते.

या सगळ्या खटाटोपात मिडी हे एकच खाते असे आहे की ज्याविषयी तक्रार करायला जागा नाही. १९८३ मध्ये एकमेकांच्या स्पर्धक वाद्यकंपन्यांनी एकत्र येऊन ठरवलेली ही वाद्यांची सांकेतिक भाषा आवाज पाठवतच नाही. कोणती पट्टी किती जोराने दाबली आणि केव्हा सोडली एवढेच कळवते, आणि त्यामुळे विंडोज, वाइन, लिनक्स या तिन्ही दारांतून ती पोस्टकार्डासारखी बिनबोभाट जाते. विनोदी लेखनाच्या दृष्टीने मिडी निरुपयोगी आहे.

तारा जुळल्या, बफर १२८ वर स्थिरावला, एक्सरनचा आकडा शून्यावर थांबला, की यंत्राचा भाग संपतो आणि नागपूर सुरू होते. पहिला स्वर मुद्रित करून ऐकला असता त्याच्या खाली एक अखंड घुमणारा मंद्र नाद सापडतो, तो वाइनचा नव्हे की जॅकचाही नव्हे. लॅपटॉपच्या चार्जरला अर्थिंग धड नसल्याने वायरीतून आलेला तो विजेचा ५० हर्ट्झचा गुंजारव असतो, आणि गायिकेने आपला षड्ज त्याच्याशी जुळवून घेतला तर तंबोऱ्याचा खर्च वाचतो. चार्जर काढला की तो जातो. त्यानंतर उरतो तो कूलर. पारा पंचेचाळिसाच्या पुढे सरकलेल्या मे महिन्यात खिडकीला लावलेला वाळ्याच्या ताट्यांचा कूलर बंद करा, असे गायिकेला सांगण्याची हिंमत कोणत्याही ध्वनिमुद्रकात नसते. आणि कंडेन्सर माइक तर इतका प्रामाणिक असतो की त्यात पंख्याची घरघर, पंपाची गुरगुर आणि ताट्यांवरून ठिबकणारे पाणी वेगवेगळे ओळखू येते. या उपद्रवावर विंडोजमध्ये आवाज गाळणारा एक प्लगइन मिळतो, प्लगइन म्हणजे मोठ्या सॉफ्टवेअरच्या पोटात बसणारे छोटे सॉफ्टवेअर, आणि ध्वनिमुद्रणाचे सॉफ्टवेअर विंडोजचेच असल्याने तो वाइनमध्येही त्याच्या पोटात बसवता येतो. तो बसवला जातो. कूलर जातो, आणि त्याच्याबरोबर गायिकेचे सगळे ‘स’ आणि ‘श’ही जातात.

म्हणून मुद्रण पहाटे पाचला ठरते, कूलर बंद, खिडक्या बंद, फोन दुसऱ्या खोलीत, आणि या वेळी मात्र सगळे जमून येते; एकाच टेकमध्ये, टिपूसही न सांडता, साडेचार मिनिटांची बंदिश डिस्कवर उतरते. त्या आनंदात वापरकर्ता पडद्याच्या कोपऱ्यात कालपासून दिसत असलेल्या ‘अपडेट उपलब्ध आहे’ या सूचनेवर बोट ठेवतो. वाइनची नवी आवृत्ती उतरते, वाइन-एएसआयओची नोंदणी पुसली जाते, सॉफ्टवेअर उघडून पाहावे तर ध्वनियंत्राच्या यादीत एकही नाव नाही, आणि पहाटेच्या त्या शांततेत अधिवेशनाचे सूप वाजल्याचे अगदी स्वच्छ ऐकू येते, कसल्याही विलंबाशिवाय.